घराचा काठ



दुपारी ऊन जरा कलल्यावर मी सास्तूर गावातून एक फेरी मारून आलो. वाट दाखवायला आठवीतला एक पोरगा सोबत दिला होता. त्याला विचारलं, "तुझं घर कुठलं रे?" तो म्हणाला, "टाकीच्या पलीकडच्या गल्लीत, हिरव्या दाराचं. आधी निळं होतं. आज्जी अजून निळ्या दाराचंच म्हणती." हे ऐकलं आणि घरून लिहून आणलेलं पहिलं पान मी खिशात घातलं.

पत्रिकेत विषय छापलाय 'घराची रंगसंगती'. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालायचा माझा विचार नाही. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवण्यात जन्म गेला, घरं सजवण्यात नाही. तेव्हा बोलणार आहे ते फक्त थोड्याशा रंगाबद्दल. सगळ्या घराला जो नसतो, एखाद्याच जागी असतो, पण घर त्याच्यावरून ओळखलं जातं, तो रंग. रंगारी त्याला 'हायलाइट' म्हणतात. आपल्याकडं त्याला जुना शब्द आहे, फक्त तो आपण घरासाठी वापरत नाही. काठ.

समोर बसलेल्या आज्यांच्या अंगावरच पुरावा आहे. इरकली लुगडं बघा. अंग गर्द, काळपट निळं नाहीतर हिरवं, काठ तांबडा, आणि पदर लाल-पांढरा. तो टोपपदर वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो. त्याचे धागे विणकर अंगाच्या धाग्यांत फासे घालून एकेक करून गुंतवतात. नऊवारात काठ केवढा? चार बोटं, फार तर वीतभर. पण बाजारात चार बाया लांबून दिसल्या तर आपण काठावरूनच ओळखतो, कोण चाललंय ते. आणि काठ नुसता दिसायला नसतो. लुगडं पायाशी घासतं ते काठावर, मळतं ते काठावर. म्हणून तिथली वीण घट्ट आणि रंग गडद. जिथं झीज जास्त तिथं रंग गडद, हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.  

आता जुनं माळवदाचं घर आठवा. तरण्या पोरांनी आजोबांना विचारावं. दोन-दोन, कुठं तीन फूट जाडीची दगडमातीची भिंत. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थरावर थर. आत उजेड यायचा तो दारातून आणि माळवदातल्या सान्यातून. म्हणजे घर अंधारंच. त्या अंधाराला उतारा म्हणून भिंती पांढऱ्या मातीनं नाहीतर चुन्यानं पोतारायच्या. पांढरा रंग ही हौस नव्हती, ती उजेडाची काटकसर होती. दारातून आलेली तिरीप भिंतीवर आपटून पार मागच्या खणापर्यंत पोचावी, एवढीच अपेक्षा.

आणि काव कुठं लावायची? चौकटीला. भिंतीच्या पायाशी हातभर उंचीचा पट्टा, कारण पावसाचं शिंतोडं आणि सारवणाचं बोट तिथंच लागतं. देवळीच्या कडेला, कारण तिथं दिवा आहे, काजळी आहे, तेलाचा हात आहे. लुगड्याचाच हिशेब बघा, जिथं झीज तिथं गडद. पुस्तकात वाचून कुणी हे केलं नव्हतं. दसरा काढताना बाईच्या हातातला पोतेराच हे ठरवत होता.

कावेची निवड किती शहाणी होती तेही सांगतो. काव म्हणजे लोखंडाचा गंज मिसळलेली माती. ती उन्हानं विटत नाही आणि चुन्यात जळत नाही. चुना तिखट असतो, पुष्कळ रंग तो खाऊन टाकतो. चुन्यात टिकणारा दुसरा सोबती म्हणजे कपड्याची नीळ. पुडीत मिळणारी ती निळाई मूळची कारखान्यातली आहे, १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये पहिल्यांदा तयार झालेली. तीही चुन्याला पुरून उरते. म्हणून मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या भिंतींवर तीनच रंग दिसतात. पांढरा, तांबडा, निळा. गरिबीमुळं? काही अंशी. पण टिकाऊपणाची पारख त्यात जास्त होती.

आणखी एक. चिमणीच्या, समईच्या पिवळट उजेडात तांबडा रंग उजळतो आणि निळा काळवंडतो. म्हणून देवळीला काव शोभायची आणि नीळ शोभायची ती बाहेरच्या भिंतीला, दिवसाच्या उजेडात. आता आपल्या घरात पांढरीफेक एलईडीची नळी लागली. तिच्याखाली नेमकं उलटं होतं, निळा रंग टवटवीत दिसतो आणि तांबडा उतरल्यासारखा. तेव्हा दुकानात उभं राहून शेडकार्डावर बोट ठेवू नका. कार्ड घरी आणा, रात्री जेवायच्या वेळी दिवा लावून भिंतीला लावून बघा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

आता भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल. या गावात उभं राहून मी तुम्हाला काय सांगणार? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं अंथरुणाला पाठ टेकत होती. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. सुमारे आठ हजार माणसं गेली. ज्या भिंतींनी आणि माळवदानं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा सोसवला, त्याच अंगावर आल्या. मातीत बसवलेला दगड, बाहेरचा आणि आतला थर सांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर कित्येक टन माती. त्यानंतर पुष्कळांना दगडाची भिंत बघूनच धडकी भरायची. मी पाहिलेली माणसं आहेत, पक्कं घर मिळाल्यावरही वर्षानुवर्षं अंगणात पत्र्याखाली झोपणारी.

मग जागतिक बँकेच्या कर्जातून, सरकारच्या आणि देणगीदारांच्या पैशातून नवी गावं उठली. ५२ गावं नव्या जागेवर गेली. घराचं माप जमिनीवर ठरलं. एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला आणि भूमिहीनाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्याहून मोठ्याला ७५०. रस्ते सरळ, घरं सारखी, रंगही एकच. जुन्या गावात गल्लीला वळण होतं, पाराजवळचा वाडा होता, पडक्या बुरुजापासून तिसरं घर होतं. पत्ता सांगायला भूगोल होता. नव्या गावात भूगोल पुसला गेला आणि उरले आकडे. ओळीतलं सातवं घर. सुरुवातीच्या काळात पावणेरावळे भलत्याच घरात शिरायचे, हे तुम्हीच हसत सांगता.

तेव्हा माणसांनी काय केलं? जोतं उचललं नाही, भिंत पाडली नाही. दार रंगवलं. कुणी निळं, कुणी हिरवं, कुणी तांबडं. एका डब्यात घर परत आपलं झालं. माझं म्हणणं एवढंच आहे, मंडळी, की काठाचा रंग ही आधी ओळख असते, शोभा नंतर. तो कुठं लावायचा हे शोभेवरून ठरवू गेलात तर चुकाल. घरात शिरणाऱ्यानं आधी काय बघावं, हात कुठं लागतो, माणसं कुठं टेकतात, यावरून ठरवलंत तर सहसा चुकणार नाही.

आता शहरातून आलेल्या खुळाबद्दल. दिवाणखान्याच्या एका अख्ख्या भिंतीला भडक रंग द्यायचा, बाकी तीन फिक्या ठेवायच्या. लातूर-सोलापूरच्या फ्लॅटमधून ते आता इकडं पोचलंय. वाईट आहे असं नाही. पण हिशेब करा. २५० चौरस फुटांचं घर म्हणजे साधारण सोळा बाय सोळा. आतली आडभिंत तूर्त सोडा. चार भिंती, प्रत्येक सोळा फूट लांब, नऊ फूट उंच, मिळून ५७६ चौरस फूट. एक भिंत रंगवली की १४४, म्हणजे चौथा हिस्सा. चौथा हिस्सा काठ असलेलं लुगडं कुणी नेसतं का? आतल्या खोल्या लहान असल्या की भिंत आणखी जवळ येते, अंगावर येते. सजावटवाल्यांच्या पोथीत म्हणतात, साठ हिस्से मुख्य रंग, तीस हिस्से जोडीचा आणि दहा हिस्से उठावाचा. ते दहा म्हणजे या घरात सत्तावन्न चौरस फूट. आणि दार? तीन बाय सात, एकवीस फूट. चार टक्केसुद्धा नाही. त्या पोराची आज्जी वर्षानुवर्षं ज्या निळ्या दारावरून घर ओळखते, ते सगळ्या भिंतींच्या चार टक्केही भरत नाही!

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. माझ्या घरी जेवणाच्या खोलीची एक भिंत मी मोठ्या हौसेनं कुंकवाच्या रंगाची केली. रंगचक्र शिकवणारा मास्तर मी, मला कोण विचारणार? खोली दहा बाय दहा. आठ दिवसांनी बायको म्हणाली, "रोज गाभाऱ्यात बसून जेवल्यासारखं वाटतंय. नैवेद्य दाखवायचा राहिला की काय, असं होतं." पुढच्या दिवाळीला भिंत पांढरी झाली. लाल उरला तो तिथल्या फडताळाच्या दोन फळ्यांना. तो आजही आहे.

शेजारच्या रंगाचंही ऐका. पॅरिसला गोब्लँ नावाचा भिंतीवरच्या गालिच्यांचा जुना कारखाना. तिथल्या रंगखात्याचा प्रमुख होता शेव्रल, पेशानं रसायनशास्त्रज्ञ. विणकरांची तक्रार आली की काळा धागा फिका येतोय, रंग कच्चा आहे. त्यानं धागा तपासला. धाग्यात खोट नव्हती. तो गर्द निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला जात होता, म्हणून काळा मरत होता. दोष शेजाराचा. त्यावर त्यानं १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच, की लाल पट्ट्याशेजारची करडी भिंत हिरवट भासू लागते आणि हिरव्या दाराशेजारची गुलाबीसर. रंगाऱ्यावर ओरडायच्या आधी दार उघडून, बाजूला करून भिंत बघा. कित्येकदा भिंत बरोबर असते.

बाहेरच्या रंगाला वेगळा नियम. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. स्लॅबला माळवदाची जाडी नाही, तो तापतो आणि रात्रभर ऊब सोडतो. वर चुना मारा, तो उन्हाला परतवतो. आणि पश्चिमेची भिंत कितीही मोहात पाडली तरी गडद करू नका, संध्याकाळी आत भट्टी होते. गोव्यात जुनी घरं आख्खी पिवळी, निळी, लाल आणि खिडक्यांच्या कडा पांढऱ्या असतात. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असं तिथं सांगतात. तिथं काठ पांढरा आणि अंग रंगीत. तिथल्या पावसाळी, हिरव्यागार मुलखात ते खुलतं. इथं चैत्र-वैशाखात करडी-काळी रानं, उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. इथं पांढऱ्या अंगाला रंगीत काठच निभावतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे, बायाबापड्यांनी जास्त ऐकावी. काठाला आपण ऑइलपेंट वापरतो, तोही भडक पिवळा, लाल, हिरवा. जुन्या काळच्या नेमक्या याच रंगांत शिसं असायचं. लेकरू खिडकीचा गज चाटतं, दाराची पोपडी तोंडात घालतं. शिसं थोडं जरी पोटात गेलं तरी लेकराच्या मेंदूच्या वाढीला बाधा होते. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये नियम केला, तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरगुती रंगात दहा लाख भागांत शिसं ९० भागांवर नको. म्हणून नवा डबा घेताना त्यावर तसं छापलंय का ते वाचा. आणि जुनं दार खरवडायचं असेल तर कोरडा पॉलिशपेपर घासू नका. पाणी मारून ओलं घासा, लेकरांना तेवढा दिवस आजोळी धाडा, खाली पडलेली पोपडी झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं उचला.

आता शेवटचं घर. आज दुपारीच पाहिलं. बाई एकटीच राहतात, वय सत्तरच्या पुढं. आतली भिंत पांढरी आणि मधोमध तांबडा चौकोन. मला वाटलं, फोटो काढल्याचा डाग असेल. जवळ गेलो तर चौकोनाच्या खाली एवढीशी फळी ठोकलेली आणि फळीवर पणती. विचारलं, "हे काय?" म्हणाल्या, "देवळी." नव्या भिंतीची जाडी ती किती, तिच्यात देवळी खोदता येत नाही. म्हणून त्यांनी ती रंगवली होती. दोन वीत रुंद, अडीच वीत उंच. माप कुठून आणलं म्हणून विचारलं तर हाताचा पंजा पसरून दाखवला.

दर दसऱ्याला पुन्हा रंगवता का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "रंगवायला काय लागतंय? चौकटीला आणलेल्या डब्यात उरतोयच की तेवढा."