एकाच मापाच्या फ्लॉप्या

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



महोत्सवासाठी जुने दप्तर आवरताना प्रयोगशाळेच्या कपाटात फ्लॉप्यांचा एक खोका सापडला. वरच्या चिठ्ठ्यांवर मुलांची नावे आहेत, इयत्ता आणि तुकडी आहे. आतले मात्र आज कोणालाही वाचता येत नाही. असे का व्हावे, एवढेच मी सांगणार आहे.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातील २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यास आरंभ झाला. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीची ती रचना. पुण्याच्या डेसिबेल्सचा स्पेक्ट्रमही पुढे काही घरांत आला, पण त्याचा संचय ध्वनिफितीवर होई. कचेऱ्यांतून आयबीएम धर्तीचे पीसी शिरत होते. बीबीसी आणि पीसी, दोघांनाही बाजारातली तीच सव्वापाच इंची, काळी, लवचीक फ्लॉपी चाले. साहजिकच पालकांना वाटे, मुलाचे शाळेतील काम कचेरीतल्या यंत्रावर पाहता येईल. ते दिसत नसे.

कोरी फ्लॉपी म्हणजे रेघा न आखलेली वही. रेघा प्रत्येक संगणक आपल्या पद्धतीने आखतो. बीबीसी एका वर्तुळाकार मार्गावर २५६ बाइटांचे १० खंड पाडी, तर पीसी ५१२ बाइटांचे ९. बीबीसीचे लेखन एकेरी घनतेचे, पीसीचे दुहेरी. त्यामुळे ४० मार्गांच्या एका बाजूवर बीबीसी १०० किलोबाइट मावून घेई, तर पीसी दोन्ही बाजू मिळून ३६०. याहून फसवी अडचण ८० मार्गांच्या ड्राइव्हची. त्याचे वाचनशीर्ष अरुंद असते. ४० मार्गांच्या जुन्या फ्लॉपीवर त्याने नवे लिहिले, की कडेला जुन्या लेखनाची किनार उरते. मग रुंद शीर्षाचा ड्राइव्ह दोन्ही एकदम वाचतो आणि गोंधळतो. बिघाड कोणत्याच यंत्रात नसे!

खोक्यातल्या काही फ्लॉप्या पुढच्या काळातील, पीसीवरच्या आहेत. त्या उघडल्या, पण आतला मराठी मजकूर चित्रविचित्र चिन्हांच्या रूपात आला. भारतीय लिप्यांसाठी १९९१ चे सरकारी मानक होते, तरी मुद्रणाच्या अनेक फाँटांचे संकेत ज्याचे त्याचे राहिले. फाँट हरवला की अक्षरही हरवले. आपल्या भाषेच्या बाबतीत मला हे अधिक लागते.

तरी आशा आहे. फ्लॉपीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेणारी छोटी उपकरणे आता मिळतात. त्यांना जुना, चालू स्थितीतील सव्वापाच इंची ड्राइव्ह मात्र लागतोच. कोणाच्या माळ्यावर तो असेल, तर कृपया शाळेच्या कार्यालयात कळवावे. आणि आपल्या घरीही अशी फ्लॉपी निघाली, ती घातल्यावर संगणकाने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारले, तर कृपा करून ‘नाही’ म्हणावे.