आज्ञा एक, वाफे अनेक



वसईच्या पश्चिमपट्टीतील वटार हा बागायतीचा गाव. विहिरीचे वा बावखलाचे पाणी पाटाने वाफ्यावाफ्यांत सोडावयाचे, ही त्या भागातील जुनी रीत. एकाच वाडीत केळ असते, मोगरा असतो, पालेभाजी असते; पण सर्वांची तहान सारखी नसते. साऱ्या वाडीस एकच नियम लावणारा माळी काही पिके कुजवील, काही सुकवील. माझा आजचा विषय संगणकाच्या पोटातला असला, तरी त्याचे मर्म याहून फारसे निराळे नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. नेटवर्कवरून येणारी पॅकेटे उतरवून घेणे हे त्याचे एक काम. पॅकेट आले की नेटवर्क कार्ड जणू दारावर थाप मारी आणि प्रोसेसर हातचे काम टाकून धावे. या थापेस इंटरप्ट म्हणतात. परंतु पॅकेटांचा लोंढा आला, म्हणजे सारा वेळ दार उघडण्यातच जाई. आत घेतलेल्या मालाची विल्हेवाट लागतच नसे. मोगल व रामकृष्णन यांनी १९९६ साली या व्याधीचे विवेचन करून उपायही सुचविला. पुढे लिनक्समध्ये 'एनएपीआय' ही योजना आली: पहिल्या थापेनंतर थापा बंद, कर्नलने स्वतः जाऊन रांग पाहावी आणि ती रिकामी झाली म्हणजेच थापांस पुन्हा मुभा द्यावी. हे जाऊन पाहणे म्हणजे पोलिंग.

आता, थाप किती काळ लांबवावी? फार लांबविली तर उत्तरास विलंब होतो. मुळीच न लांबविली तर प्रोसेसरची धावपळ व्यर्थ वाढते. याचा निर्णय कामागणिक बदलणार. म्हणून तो वापरणाऱ्याच्या हाती दिला गेला. पण कोणत्या रूपाने? २०१४ व २०२० साली याकरिता दोन खुंट्या मिळाल्या, त्या अख्ख्या कार्डास मिळून. आधुनिक कार्डास मात्र अनेक रांगा असतात आणि प्रत्येकीवर निराळे काम चालू शकते. म्हणजे वाडीभर एकच नियम झाला!

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१३ ने ही उणीव दूर केली. नेटलिंक या मार्गाने आता प्रत्येक रांगेस स्वतंत्र नियम देता येतो. शिवाय, कार्यक्रम स्वतः माल नेण्यास येत आहे तोवर थापा स्थगित ठेवण्याची मार्टिन कार्स्टेन व जो डमाटो यांची सोयही त्यात आली.

रचनेचे खरे शहाणपण मात्र दोन लहान गोष्टींत दिसते. रांगांची संख्या बदलून त्या पुन्हा उभारल्या, तरी त्या त्या क्रमांकाचा नियम टिकून राहतो. वाफा मोडून पुन्हा पाडला, तरी माळ्याची आठवण पुसत नाही. आणि जुन्या खुंट्या उपटल्या गेल्या नाहीत. तेथे लिहिलेला आकडा आजही कार्डाच्या सर्व रांगांस लागू होतो. कारण कोणाची तरी व्यवस्था त्यावर विसंबून असेल.

कर्नलच्या आतील यंत्रणा हवी तितकी बदलावी. तो घरचा कारभार आहे. बाहेर दिलेली खुंटी हे मात्र वचन आहे. शेजाऱ्याच्या वाडीकडे एकदा पाट काढून दिला, त्यावर त्याने केळी लावली, की तो पाट बुजविण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही. म्हणून विचार करावयाचा तो पहिली कुदळ मारण्यापूर्वी.