अडीचशे घोडे आणि गावचा गतिरोधक



वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आंजीत नवी मोटार आली की पहिला प्रश्न ठरलेला. पारावरून कोणीतरी विचारतंच, "काहो भाऊ, किती देते?" माझ्या गाडीचं उत्तर ऐकून माणसं क्षणभर गप्प होतात. सांभाळून चालवली तर लिटरला तेरा किलोमीटर, पाय जड पडला तर आठ. मग दुसरं वाक्य येतं, "एवढ्या पैशात तं दोन ट्रॅक्टर आले असते." हिशेब बरोबर आहे. गाडी दुसऱ्या हाताची आहे, तरीही बरोबर आहे.

दिसायला ती चार दारांची, मागे डिक्की असलेली साधी घरगुती मोटार. आईला डॉक्टरकडे नेता येतं, डिक्कीत बियाण्याच्या पिशव्या मावतात. फरक बॉनेटखाली आहे. नेहमीच्या मोटारीत शंभर-सव्वाशे अश्वशक्ती असते, हिच्यात अडीचशेच्या आसपास. तिला स्पोर्ट्स सेदान म्हणतात. माझी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. आकाशवाणीवरून जाहिरात करायची नसते आणि पुढे तिच्या तक्रारीही सांगायच्या आहेत. पण या जातीच्या गाड्यांचा इतिहास सांगताना नावं घ्यावीच लागतील.

हा इतिहास आपल्या मराठवाड्यातून जातो. स्कोडा कंपनीनं २००१ साली तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑक्टाव्हिया जुळवायला सुरुवात केली. २००४ मध्ये तिचीच आरएस नावाची तिखट आवृत्ती आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. डिझेलला टर्बो असतो हे लोकांना ठाऊक होतं, पेट्रोलला टर्बो हे तेव्हा नवल होतं. २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आली, किंमत साडेचोवीस लाखांच्या थोडी वर. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या फक्त २०० गाड्या भारतात आल्या, ३५ लाख ९९ हजारांना. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीच्या अवघ्या १०० आल्या आणि किंमत ५० लाखांना टेकली. त्यावर आपल्या राज्याचा एकरकमी वाहनकर. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तो तेरा टक्के पडतो, म्हणजे पन्नास लाखांच्या गाडीला साडेसहा लाख. मग विमा वेगळा. म्हणून माझ्यासारखा माणूस पुण्या-मुंबईच्या हौशी मालकानं पाच-सात वर्षं वापरलेली गाडी शोधतो आणि तिला एमएच बत्तीसच्या, म्हणजे वर्ध्याच्या, मुलखात घेऊन येतो.

घ्यावीशी वाटली त्याचं एक कारण समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. वर्ध्याकडून त्यावर चढायची जागा येळाकेळीला, म्हणजे आमच्याच आर्वी रस्त्यावर. गावातल्या तरुणांना वाटलं, आता विमानतळाची धावपट्टीच दारात आली. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटरसाठी झालेली असली, तरी मोटारींना परवानगी १२० ची आहे. आणि खरं सांगू? १२० ला ही गाडी कंटाळते. इंजिन जेमतेम जागं असतं. सरळ, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना काही न बदलणारा रस्ता, आणि चालवणाऱ्याचे डोळे जड होतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. तिच्यात वर्ध्याहून बसलेलेही होते. त्यानंतर आमच्या भागात कोणी समृद्धीवरच्या वेगाच्या बढाया फारशा मारत नाही.

या गाडीची ताकद कळते ती समृद्धीवर नाही, आर्वीच्या दुपदरी रस्त्यावर. पुढे कापसाच्या गाठी लादलेला ट्रक पन्नासच्या वेगानं चालला आहे, समोरून एसटी येते आहे, मध्ये मोकळी जागा थोडीच. साध्या मोटारीला पन्नासवरून नव्वदवर जायला सहा-सात सेकंद लागतात, हिला त्याच्या निम्मे. समोरची बस स्वतःच्या वेगानंच सेकंदाला वीस-बावीस मीटर जवळ येत असते, म्हणजे वाचलेले तीन सेकंद किती मोलाचे ते बघा. ज्याला आपण पिकअप म्हणतो, त्याचा प्रामाणिक उपयोग एवढाच आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे. त्याच्या जोडीला मोठे ब्रेक आणि रस्त्याला धरून राहणारं सस्पेन्शन मिळतं. रात्री शेतातून रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर येतो तेव्हा अडीचशे घोड्यांपेक्षा ब्रेकच कामाला येतात. पण त्यांनाही मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला अंतर चौपट लागतं. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच.

आता तोट्यांकडे येऊ. येळाकेळीचा टोलनाका ते आमचं घर, या थोडक्या अंतरात गाडीचं निम्मं आयुष्य खर्च होतं.

पहिला शत्रू गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसनं त्याचं माप ठरवून दिलेलं आहे: रस्त्याच्या दिशेनं ३.७ मीटर लांबीचा, मध्ये १० सेंटिमीटर उंचीचा, हळू चढणारा आणि हळू उतरणारा. गावोगावचे गतिरोधक मात्र रातोरात टाकलेल्या डांबराच्या वळकट्या असतात. त्यामागचं कारण मी नाकारत नाही. शाळेसमोरून कोणी शंभरनं गेलं की लोक दुसऱ्या दिवशी रस्ता अडवतात आणि तिसऱ्या दिवशी वळकटी उठते. पण स्पोर्ट्स सेदानचं पोट जमिनीपासून नेहमीच्या गाडीपेक्षा खाली असतं. सरळ चढवली की खालून घासते. म्हणून तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवत. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतो, वाजवू द्यायचा. घाई केली आणि इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं, तर तेल रस्त्यावर सांडतं आणि तेलाशिवाय इंजिन मिनिटभरात निकामी होऊ शकतं. विमा घेताना इंजिन संरक्षणाचं जादा कलम घ्यायचं ते याचसाठी.

दुसरी गोष्ट टायर. या जातीच्या बऱ्याच गाड्यांचा टायर २२५/४० आर १८ असतो. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या चाळीस टक्के आहे, म्हणजे जेमतेम ९० मिलिमीटर. वळणावर त्यामुळेच गाडी रुळावर असल्यासारखी वाटते. पण पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही, तर धक्का सोसायला तेवढंच रबर असतं. रिम वाकते, किंवा टायरच्या कुशीला फोड येतो. फोड आलेला टायर पंक्चरवाला दुरुस्त करून देणार नाही, आणि कोणी देतो म्हणाला तरी घेऊ नका. नवा पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो, आणि वर्ध्यात मिळेलच असं नाही. नागपूरहून मागवायचा, तोवर स्टेपनी. ती बारीक असते आणि तिच्यावरच ८० च्या वर जाऊ नये असं छापलेलं असतं.

तिसरी गोष्ट आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत असतो. टर्बो हे बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरणारं पातं, मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणारं. ते हवा कोंबून इंजिनात देतं. पण ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. हवा कमी, तेवढा जोर कमी. जानेवारीतली गाडी आणि मेमधली गाडी या दोन वेगळ्या गाड्या वाटतात. दामटून आल्यावर लगेच चावी फिरवू नये, शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश आणावी, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून घट्ट होत नाही. बंद केल्यावरही पुढचा पंखा काही वेळ फिरत राहतो. तेव्हा शेजारी ओरडतात, "भाऊ, गाडी चालूच राह्यली!" आता त्यांनाही सवय झाली आहे.

हंगामाचा एक त्रास शहरातल्या मालकांना माहीत नसेल. सोयाबीनची काढणी सुरू झाली की शेतकरी माल वाळवायला आणि मळायला डांबरी रस्त्याचा कडेचा भाग घेतात. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, मला त्यांना बोलता येत नाही. त्यावरून गेलं की बारीक कुटार, म्हणजे भुसा, पुढच्या जाळीतून आत जातं आणि रेडिएटर, इंटरकूलर यांच्या पातळ पात्यांत अडकून बसतं. मग गाडी विनाकारण तापते आणि मेकॅनिकला स्कॅनर लावूनही काही सापडत नाही. काढणी संपली की एकदा पुढचा बंपर सोडवून हलक्या पाण्यानं ते धुऊन घ्यावं. मोठ्या दाबाचा पाइप मारू नये, पाती वाकतात. आणि हो, उंदीर. कापूस आणि धान्य जिथे साठवतात तिथे गाडी उभी करू नका. एक वायर कुरतडली तरी बोर्डावर पाच दिवे पेटतात.

देखभालीचं उरलेलं सगळं मॅन्युअलमध्ये असतं, फक्त ते वाचणारे कमी. कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचं सिंथेटिक तेल घालायचं. पुस्तकात लिहिलेलं अंतर थंड देशांतलं असतं, म्हणून मी त्याआधीच बदलतो. आपोआप बदलणाऱ्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्येही तेल असतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजी नावाच्या अशा गिअरबॉक्सला ते ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. त्याच गटाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा प्रकार जास्त नाजूक निघाला. २०१३ मध्ये चीनमध्ये त्यासाठी सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, नाहीतर एखाद्या घाटात ब्रेक अचानक मऊ पडतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ठोका रोखायला ते चांगलंच, पण त्यात ऊर्जा कमी, त्यामुळे पारावरचा 'किती देते'चा आकडा आणखी थोडा खाली येतो. गाडी जुनी असेल तर तिच्या नळ्या आणि सील इथेनॉलला चालतात का, हे आधी विचारून घ्या.

एवढं ऐकूनही कोणाला घ्यायचीच असेल, तर निदान एक दिवस सवडीनं बघून घ्या. रंग आणि आवाज यांवर भुलू नका, हा आवाज बाजारात वेगळा विकत मिळतो. सर्व्हिसच्या पावत्या मागा, गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद शोधा. कोणी कॉम्प्युटरमध्ये बदल करून जोर वाढवला असेल, तर विमा कंपनीला ते कळवलं होतं का, ते विचारा. गाडी लिफ्टवर चढवून चेंबर बघा, खरचटलेलं चेंबर मालकापेक्षा खरं बोलतं. सकाळी थंड इंजिन चालू करून धूर बघा. आणि टायरच्या कुशीवरचा लंबगोल शिक्का वाचा. त्यात शेवटी चार आकडे असतात. ३५२१ असतील तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. चार टायरांवर चार वेगळ्या तारखा असतील तर विचारा का. टायर सहा वर्षांपेक्षा जुने असले, तर नक्षी कितीही खोल दिसो, किमतीतून चार नव्या टायरांचे पैसे आधी कापून घ्या आणि ते बसवल्याशिवाय येळाकेळीचा टोलनाका ओलांडू नका.