चोथा, पिशवी आणि बंधवारीचा डोंगर



मराठी घरात चहाचा शेवट गाळणीत होतो. गाळणीतला चोथा धुऊन गुलाबाच्या मुळाशी घालण्याची रीत आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना चालत आली. चोथा धुण्यामागेही कारण होते. दुधासाखरेचा अंश राहिला तर मुंग्या लागतात, बुरशी धरते, कुंडीला आंबूस वास सुटतो.

या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज दिल्लीजवळच्या गुरुग्रामसारख्या शहरांत नोकरीस आहेत. तेथील काचेच्या इमारतींत गाळणी नाही. तिच्या जागी दोरा बांधलेली टी-बॅग आहे. ती कपात बुडवायची, पिळायची आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकायची. कृती इतकी क्षुल्लक, की पुढे त्या पिशवीचे काय होते हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शहराच्या वेशीवरच उभे आहे. गुरुग्राम आणि फरीदाबाद या दोन्ही शहरांचा कचरा वर्षानुवर्षे अरवलीतील बंधवारी येथे साठत आला आणि त्याचा डोंगर झाला. ओला व सुका कचरा एकत्र दाबला गेला, की ओला भाग हवेविना कुजतो. त्यातून मिथेन वायू निघतो आणि आगीला निमित्त मिळते. पावसाळ्यात त्याच ढिगातून काळे, दूषित पाणी पाझरते. ज्या अरवलीच्या खडकांच्या फटींतून पावसाचे पाणी भूगर्भात उतरते, तेथेच हे घडते. कुंडीत खत होऊ शकणारी चहाची पत्ती तेथे विषाला हातभार लावते.

पत्तीचा यात दोष नाही. तिच्यासोबत जाणाऱ्या वस्तूंचा आहे. टी-बॅग एक दिसली, तरी तिच्यात पत्ती, पिशवी, दोरा, कागदी चिठ्ठी आणि बाहेरचे वेष्टन अशा अनेक वस्तू असतात. पूर्वी धातूची पिनही असे. ती पोटात जाण्याचा धोका ओळखून भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये पिनबंदीचा आदेश काढला. पिशवी कागदी दिसली, तरी तिच्या कडा उष्णतेने चिकटाव्यात म्हणून अनेकदा तिच्यात प्लास्टिकचे तंतू मिसळलेले असतात. रेशमासारखी चमकणारी त्रिकोणी पिशवी बहुधा नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा प्लास्टिकच्या पिशव्या ९५ अंश तापमानाच्या पाण्यात ठेवल्या, तेव्हा एका पिशवीतून सुमारे १,१६० कोटी सूक्ष्म कण सुटल्याची नोंद त्यांनी केली. या मोजणीवर पुढे आक्षेप घेतले गेले. परंतु प्लास्टिक मातीत कुजत नाही, याविषयी दुमत नाही. मक्याच्या पिठापासून केलेल्या ‘जैविक’ पिशवीलाही कुजण्यासाठी मोठ्या खतप्रकल्पातील उष्णता लागते. बाल्कनीतल्या कुंडीत ती दीर्घकाळ तशीच राहते.

म्हणून उपाय साधा आहे. पिशवी पिळून गार होऊ द्यावी, फाडावी आणि पत्ती खताच्या कुंडीत रिकामी करावी. तिच्यावर दुप्पट वाळलेला पाला पसरावा. मिश्रण पिळलेल्या फडक्याइतके ओलसर ठेवावे आणि अधूनमधून हलवावे. पिशवी निर्भेळ कागदाची असल्याची खात्री असेल, तरच तुकडे करून तीही खतात घालावी. शंका असल्यास सुक्या कचऱ्यात टाकावी. चिठ्ठी व वेष्टनही सुक्यातच जावे. खुली पत्ती आणि गाळणी वापरली, तर हा सारा खटाटोपच वाचतो.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकली, आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या निवासी संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे सांगितले. नियमामागचा विचार व्यवहाराचा आहे. कप हातात असताना पत्ती वेगळी करण्यास काही क्षण पुरतात. तीच पिशवी ढिगात पोहोचली, की कचरावेचकाचे उघडे हातही तिला वेगळी करू शकत नाहीत.

हीरक महोत्सवी शाळेची शिकवण वर्गापुरती राहत नाही. ती माजी विद्यार्थ्याच्या कार्यालयातही दिसावी लागते. एखाद्या माजी विद्यार्थ्याने गुरुग्रामच्या कार्यालयात चहाच्या यंत्राशेजारी पत्तीसाठी एक झाकणाचे भांडे ठेवले, तर आजीची गाळणी तेथवर पोहोचली असे खुशाल समजावे.