कणाचा आकार आणि क्रियेचा कौल

उत्प्रेरकाची थोरवी त्याच्या वेगावरून जोखण्याचा दस्तूर जुना आहे; परंतु एकाच कच्च्या मालापासून दोन जिन्नस निपजण्याचा संभव असेल, तेव्हा त्यांतला हवा तो किती निर्भेळ हाती येतो हा प्रश्न वेगाहूनही मोलाचा ठरतो, आणि या निवडीत धातूच्या जातीबरोबर त्याच्या कणाच्या आकाराचाही हात असतो.

फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल साबातिए यांनी निकेलच्या बारीक भुकटीवर सेंद्रिय बाष्पांशी हायड्रोजनचा संयोग घडवला आणि १९१२ साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. पण भुकटीतला कणन् कण निराळ्या घडणीचा असल्यामुळे कोणत्या पृष्ठावर काय घडते याची रुजवात घालणे दुरापास्त होते. १९९६ साली अमेरिकेत मुस्तफा एल-सय्यद व त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्लॅटिनम आणि त्याच्या कणांना लपेटणारे बहुवारिक यांचे प्रमाण बदलून, कधी मुख्यत्वे घनाकृती तर कधी मुख्यत्वे चतुष्फलक कण सिद्ध केले, आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. घनाच्या पृष्ठावर अणू चौकोनी फरशीसारखे मांडलेले असून प्रत्येकाला चार निकटचे शेजारी असतात; चतुष्फलकाच्या पृष्ठावर ते सहा असतात.

२००७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बर्कली येथे गॅबर सोमोरजाय यांच्या प्रयोगशाळेत सुमारे १२ ते १४ नॅनोमीटर मापाच्या प्लॅटिनम कणांवर बेंझीन आणि हायड्रोजन सोडले गेले, तेव्हा घनाकृती कणांवर केवळ सायक्लोहेक्झेन निपजले. परंतु ज्यांचे कोपरे छाटले जाऊन तेथे षट्कोनी मांडणीची त्रिकोणी पृष्ठे उघडी पडलेली होती, अशा कणांवर सहाऐवजी चारच हायड्रोजन अणू घेतलेले सायक्लोहेक्झीनही सापडले. धातू तोच, वायू तेच. कौल मात्र निराळा!

याचे व्यावहारिक महत्त्व स्वयंपाकघरापर्यंत पोचते. हायड्रोजनच्याच संयोगाने तेलाचे वनस्पती तूप करताना काही बंध सिस रूप टाकून हृदयाला अपायकारक असे ट्रान्स रूप धारण करतात. २००९ साली कॅलिफोर्नियातच रिव्हरसाइड येथे फ्रान्सिस्को झाएरा यांच्या गटाने, ब्युटीन या साध्या रेणूच्या बाबतीत, चतुष्फलक कण ट्रान्सचे सिस करण्याकडे झुकतात असे दाखवून दिले. मात्र फार तापवल्यास कणांच्या कडा बोथट होतात आणि त्यांचा हा विशेषही लोपतो; तेव्हा कारखान्यात असा कण नुसता घडवून भागणार नाही, भट्टीच्या आचेत त्याचा आकार शाबूत राखण्याचाही बंदोबस्त करावा लागेल.