गाणारीला घरी कोण सोडतं?

(नाशिक जिल्ह्यातल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या बैठकीत आपण रेशनवर बोलतो, दारूच्या दुकानांवर बोलतो, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईच्या अर्जावर बोलतो. आज मी गाण्यावर बोलणार आहे. कुणी म्हणेल, ही काय चैन? पण ऐकून घ्या, कारण महिन्याभरात आपल्याला एका कागदावर सही करायची की नाही हे ठरवायचं आहे.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षमळ्यांच्या बाजूला एक रेस्टॉरंट आहे. तिथे बोर्ड लागला होता : येत्या शनिवारी जॅझची मैफल, मग पुढच्या तीन शनिवारी कोण कोण येणार त्यांची यादी. गाणाऱ्या मुलीचा मोठा फोटो. दुसरी गोष्ट, आपल्या केंद्रात एका वसाहतीतले काही लोक निवेदन घेऊन आले. हायवेजवळच्या बारमध्ये 'लाइव्ह ऑर्केस्ट्रा' सुरू होणार आहे, तिथे बाया गाणार आहेत, आमच्या मुलाबाळांवर काय संस्कार होतील, महिला संघटनांनी पाठिंबा द्यावा. त्यातल्या एक बाई जाता जाता मला म्हणाल्या, "शनिवारी येताय ना जॅझला? आम्ही पासेस घेतलेत."

मी काही त्यांना हसले नाही. कारण मीही गेले होते त्या जॅझला, आणि मला ते आवडलंही.

निवेदनाची बातमी पसरली. चार दिवसांनी एक बाई केंद्रात आल्या. वय असेल पस्तीसच्या आसपास, दोन मुलं, नाशिकरोडला भाड्याची खोली. ऑर्केस्ट्रात गातात. त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "ताई, तुम्ही सही केली का?" मी म्हटलं, अजून नाही. त्या म्हणाल्या, "करायची तर करा. पण आधी एवढं सांगा, उद्यापासून मी काय करू? घरमालकाला मी सांगितलंय की कंपनीत रात्रपाळी आहे. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलंय. मी गाते, हे कुठंच लिहिता येत नाही मला."

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं होतं की लोकांच्या प्रश्नाची सुरुवात त्यांच्याच शब्दांतून करावी. म्हणून आज मी त्या वाक्यापासून सुरुवात करते : मी गाते, हे कुठंच लिहिता येत नाही.

आता जॅझकडे या. आज हे संगीत वाइनच्या ग्लासाबरोबर येतं, म्हणून आपल्याला ते उच्चभ्रू वाटतं. ते मूळचं तसं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांच्या वस्त्यांमध्ये ते वाढलं. दारूच्या गुत्त्यांत, मिरवणुकांत, अंत्ययात्रांत आणि हो, वेश्यावस्तीतही ते वाजलं. तिथल्या सभ्य लोकांनीही त्याच्याविरुद्ध निवेदनं दिली असणार! पुढे बिली हॉलिडे नावाची मोठी गायिका झाली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दारू मिळणाऱ्या क्लबात गायचं तर पोलिसांकडून कार्ड घ्यावं लागे. १९४७ साली मादक पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली आणि तुरुंगातून सुटल्यावर तिला ते कार्ड मिळालं नाही. मोठ्या सभागृहात ती गाऊ शकत होती, पण रोजचं पोट ज्या क्लबांवर चालायचं तिथे नाही. १९५९ साली ती गेली. ती कार्डाची पद्धत १९६७ साली बंद झाली. बाईचा आवाज सगळ्यांना हवा, पण तिच्या कामाची किल्ली पोलिसांच्या खिशात. ओळखीचं वाटतं ना?

आपल्याकडे हे संगीत आलं मुंबईत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्याकडून आणि त्यांच्या रेकॉर्डांवरून गोव्याच्या वादकांनी ते उचललं. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही मंडळी रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायची. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, आपण ज्यावर ठेका धरला त्यात हे जॅझ आहे. म्हणजे ते परकं नाही, आपल्याच लग्नाच्या वरातीत वाजून गेलेलं आहे.

पण या इतिहासात बाया कुठे आहेत? गोव्याच्या लॉर्ना कॉर्देरो मुंबईच्या क्लबांत गात होत्या. विलक्षण आवाज. पण ऐन उमेदीत त्यांचं गाणं थांबलं आणि वीसहून अधिक वर्षं त्या रंगमंचावर नव्हत्या. १९९५ साली त्या परत आल्या तेव्हा गोव्यात लोकांनी तुडुंब गर्दी केली. लोक विसरले नव्हते. मधल्या वर्षांत त्यांनी नोकरी करून दिवस काढले. वादकाचं वय झालं की त्याला 'मास्टर' म्हणतात. गाणाऱ्या बाईची वर्षं मात्र हातातून निघून जातात आणि ती कुणाच्या हिशेबात धरली जात नाहीत.

आणि आपला तमाशा? नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, कुठल्या जत्रेला कुठला फड ते ठरतं, सुपारी दिली जाते. पुढच्या दोन महिन्यांचे कार्यक्रम तिथे लिहिले जातात. त्याच वाटेवर संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा आहे, पवळाबाईंचं गाव. पट्ठे बापूरावांचं नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या रचना ज्या पवळाबाईंच्या आवाजाने गावोगाव गेल्या, त्यांचं नाव किती जणींना माहीत आहे? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर भरल्या दिवसांत नाचत होत्या, फडाच्या मागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात कौतुक दिसत नाही. मला बाळंतपणाची रजा नसलेली कामगार बाई दिसते. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई २००२ साली गेली ती हलाखीत. आज तिच्या नावाने सरकार पुरस्कार देतं.

तीन बोर्ड झाले बघा. द्राक्षमळ्यातली ती 'आर्टिस्ट'. जत्रेतली ती 'कलावंतीण'. हायवेवरच्या बारमधली ती नुसती 'बाई'. काम एकच : रात्री लोकांसमोर उभं राहून गायचं. वर्ग आणि जात बदलली की नाव बदलतं.

हा भेद कायद्यातही होता. २००५ साली आपल्या राज्यात डान्सबारवर बंदी आली. मी तेव्हा शाळेत होते. घरी टीव्हीवर बातम्या लागल्या की आई चॅनल बदलायची. त्या बंदीत एक मेख होती. साध्या बारमध्ये नाच बंद, पण तीन आणि त्याहून जास्त तारांकित हॉटेलांना आणि काही क्लबांना सूट. म्हणजे अब्रू धोक्यात येते ती फक्त स्वस्त दारूच्या शेजारी! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली हे समानतेच्या विरुद्ध आहे आणि बायांच्या काम करण्याच्या हक्कावर घाला आहे म्हणून रद्द केलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. पण तोवर आठ वर्षं गेली होती. निकालपत्रातच पंचाहत्तर हजार बायांची रोजीरोटी गेल्याचा उल्लेख आहे. त्या कुठे गेल्या, कुणी मोजलं? २०१६ साली नवा कायदा आला. २०१९ साली न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढल्या, नोटा उधळायला मात्र मनाई ठेवली. आणि ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात एक अट होती : मंचावर चारच बाया आणि चारच पुरुष. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा ठेवली, पण त्यात बाया किती नि पुरुष किती हे सरकारने ठरवायचं नाही. आठही बाया असू शकतात. ढोलकी, गिटार, की-बोर्ड सगळं बायांच्या हाती असू शकतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. २००५ साली स्त्री चळवळीत एकमत नव्हतं. अनेक संघटना बारबालांच्या युनियनबरोबर उभ्या राहिल्या. पण काही दलित कार्यकर्त्यांनी विचारलं : पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्या बायांनाच नाचायला लावलं, आता त्यालाच तुम्ही 'रोजगाराची निवड' म्हणता का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. माझ्यासमोर बसलेल्या बाईला दुसरं काम मिळालं असतं तर ती इथे आली असती का, मला सांगता येणार नाही. मात्र मला एवढं कळतं की काम काढून घेतल्याने निवड वाढत नाही. निवड वाढते ती शिक्षणाने, घराने, मुलांच्या पाळणाघराने, दुसऱ्या पगाराने. ते आपण देत नसू तर बंदीवर सही करून आपण तिला फक्त अंधारात ढकलतो.

जॅझच्या त्या रात्री कार्यक्रम संपला साडेअकराला. वादक सामान गाडीत भरून निघाले. गाणारी मुलगी, चांगली शिकलेली, इंग्रजी बोलणारी, गेटजवळ फोन हातात घेऊन उभी होती. गाडी येईना. मी विचारलं, मालक सोडत नाहीत? ती म्हणाली, "पैसे ठरले तेव्हा याचं बोलणंच झालं नाही." ऑर्केस्ट्रातल्या बाईंनीही मला हेच सांगितलं होतं. ठरलेल्या रिक्षावाल्याला त्या बिदागीतला मोठा वाटा देतात. आम्ही त्या मुलीला आमच्या गाडीतून सोडलं. प्रत्येक शनिवारी आम्ही नसणार.

म्हणून माझा प्रस्ताव असा. त्या निवेदनावर सही करू नये. आवाजाचा, पार्किंगचा, दारू पिऊन रस्त्यात होणाऱ्या छेडछाडीचा त्रास खरा आहे; त्यासाठी वेगळा अर्ज करू आणि त्यावर आपण सगळ्या सह्या करू. पण 'बाया गाणार' हे कारण त्यात नको.

आणि आपलं स्वतःचं एक निवेदन, दोन्ही ठिकाणच्या मालकांना, रेस्टॉरंटला आणि बारला, शब्दही न बदलता. एक, रात्री उशिरा काम संपलं की बाईला घरापर्यंत वाहन. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके कामगार असतील तिथे, रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहतूक या अटी आहेतच. दोन, लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याखाली तक्रार समिती. मालक म्हणेल, या आमच्या कामगार नाहीत, कार्यक्रमापुरत्या येतात. त्याला सांगायचं, कायद्यात तात्पुरती, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेलीही धरली आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. तीन, बिदागी किती आणि कधी, हे कागदावर. चार, कपडे बदलायला बंद होणारी खोली आणि स्वच्छ संडास. यात काही क्रांतिकारक नाही. गिरणीतल्या बाईने हेच मागितलं होतं.

त्याबरोबर ज्या गातात त्यांची असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नोंदणी करायला आपल्या केंद्रात मदत करू. तिथे व्यवसाय लिहिताना त्यांना काही लपवायला लागू नये. निदान एका कागदावर तरी 'गाते' असं लिहिलं जाऊ दे.

परवा त्या बाई पुन्हा आल्या होत्या. सहीचं विचारलं नाही. म्हणाल्या, "बैठकीला मी आले तर चालेल का? मागे बसेन." मी म्हटलं, मागे कशाला? आज त्या आल्या आहेत की नाही, हे मी सांगणार नाही. आपण कशा वागतो त्यावर त्यांचं पुढचं येणं ठरेल.

चर्चेला वेळ हवा. एवढं बोलून थांबते.