हेड उघडल्याशिवाय

कवी माणसाने मोटारीवर बोलावं, हे तुम्हाला थोडं विचित्र वाटेल. मलाही वाटतंय. कवितेवर बोलायला बोलावलं असतं तर वीस मिनिटं सहज काढली असती. पण गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो एका पांढऱ्या मारुती आठशेनं, आणि ती गोष्ट अजून कुठे नीट सांगितलेली नाही.

गाडी 2007 सालची. मी ती 2018 मध्ये बेचाळीस हजारांना घेतली. मी गावातल्या ग्रंथालयात नोकरी करतो, त्यामुळे नव्या गाडीचा प्रश्नच नव्हता. अम्मीचे गुडघे गेले होते, एसटीची पायरी तिला चढवत नव्हती, आणि डोळ्यांसाठी दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याला न्यावं लागायचं. गाडी बघायला गेलो तेव्हा ती दारात उभी होती, धुऊनपुसून, आणि चावी फिरवताच सुरू झाली. मी खूश. बॉनेट गरम होतं हे माझ्या लक्षात आलं होतं. पण गरम बॉनेटचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. आपण येण्याआधी कुणी इंजिन चालवून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना जे दिसतं ते आपल्याला दिसू नये, हा तो अर्थ. तो कळायला मला चार वर्षं लागली.

फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात काटा लाल रेषेला टेकला. गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर वाफ. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार एवढ्यात मागून अम्मी ओरडली, "हात नक्को लगा रे!" तिला इंजिनातलं काही कळत नाही, पण उकळत्या पातेल्याचं झाकण एकदम उघडू नये हे तिला कळतं. तेवढ्यानं माझा चेहरा वाचला.

अर्धा-पाऊण तास थांबलो, पाणी ओतलं आणि निघालो. इथे माझी चूक झाली. सुरूर, पाचवड, सातारा, नागठाणे, उंब्रज, असं दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबत, पाणी घालत मी ती गाडी कराडपर्यंत आणली. मला वाटलं, मी मोठी शिकस्त केली. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी एकाच वाक्यात माझी शिकस्त मोडीत काढली. "भाई, घाटातनं टोचन लावून आणली असती तर पॅकिंगवर भागलं असतं. आता हेड बघायला लागंल."

सकाळी त्यांनी थंड इंजिन चालू करून दाखवलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर. थंडीच्या दिवसांत पहिली दोन-चार मिनिटं प्रत्येक गाडी थोडी वाफ टाकते, ती निराळी. ही थांबतच नव्हती. पांढरा धूर म्हणजे पाणी जळतंय, निळा म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, एवढी बाराखडी त्या सकाळी मी शिकलो. मग त्यांनी ऑईलचं झाकण काढून आतली बाजू माझ्यापुढे धरली. जास्त दुधाच्या चहावर साय धरावी तसा थर. ऑईलमध्ये पाणी उतरलं होतं.

पाणी, ऑईल आणि जळणारा वायू हे तिघे इंजिनात अगदी शेजारी राहतात. त्यांच्यामध्ये वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांत दाबून बसवलेलं एक पातळ गॅसकेट असतं. मिस्त्री त्यालाच पॅकिंग म्हणतात. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं, पॅकिंग फुटतं, आणि शेजारी एकमेकांच्या घरात शिरतात.

मी विचारलं, "खर्च किती?" मिस्त्री म्हणाले, "हेड उघडल्याशिवाय मी बोलत नाही." आणि उघडायचेच दीड हजार.

आता माझा हिशेब ऐका. गाडीची नोंदणी त्याच वर्षी जुलैमध्ये संपत होती, पंधरा वर्षं भरत होती. जुन्या खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार होणार होतं, शिवाय पर्यावरण कर. दोन टायर गुळगुळीत झालेले. आणि माझ्याकडे बाजूला काढून ठेवलेले पैसे होते चाळीस हजार. ते कवितासंग्रहाचे. आपल्याकडे बहुतेक कवींना आपला संग्रह स्वतःच्या खिशातून काढावा लागतो, हे श्रोत्यांना सांगायला नकोच. घरात कुणी त्या पैशांचं नाव काढत नव्हतं. त्यामुळे ते जास्तच डोळ्यांसमोर येत होते.

मित्रांचे सल्ले दोन प्रकारचे. एक, "एवढ्या जुन्या गाडीत पैसा घालू नकोस." दुसरा, "गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर सोडून दे." दुसरा ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण मला तो पटला नाही. गाडी मला विकायची असेल तर तिची बाजारातली किंमत महत्त्वाची. मला तर ती चालवायची होती. तेव्हा प्रश्न असा होता, की दुरुस्तीचा खर्च आणि भंगारात येणारे पंधरा हजार एकत्र केले, तर त्या रकमेत मला काय मिळेल? मिळेल अशीच आणखी एक जुनी गाडी, जिचं बॉनेट कुणीतरी गरम करून ठेवलेलं असेल. हिचं दुखणं निदान मला माहीत होतं.

मिस्त्रींनाही बहुधा हे कळलं असावं. हेड उघडण्याआधी ते म्हणाले, "थांबा, पैसे न घालता जेवढं कळतंय तेवढं कळू दे." त्यांनी पायपुसणी काढून पत्र्याला स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाखाली, दारांच्या खाली, डिकीत स्टेपनीच्या जागी. पत्रा घट्ट होता. कोकणातली गाडी असती तर त्यांनी तिथेच हात जोडले असते. इंजिन उघडून पुन्हा उभं करता येतं, सडलेला पत्रा किती जोडणार? मग स्पार्क प्लग काढून एकेका सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. तीनच सिलेंडर. पहिल्याचा काटा दीडशेच्या वर गेला, दुसऱ्या-तिसऱ्याचा शंभराच्या खालीच राहिला. मग त्या दोघांत चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजलं. काटा हलला नाही. ऑईल घातल्यावर काटा वर आला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरायचं, म्हणजे हाफ इंजिनचं काम, पंचवीस हजारांची गोष्ट. काटा आला नाही, आणि कमी पडणारे दोन्ही सिलेंडर शेजारी-शेजारी होते. म्हणजे त्यांच्यामधलंच पॅकिंग फुटलेलं असण्याची शक्यता जास्त. दीड हजार घालायला हरकत नव्हती. मी मनाशी आकडा ठरवला, सगळं मिळून पंधरा हजार. त्यापुढे गेलं तर भंगार.

पण दरम्यान आणखी एक रस्ता समोर आला. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा एक एजंट गॅरेजवर चहाला यायचा. त्यानं मला बाजूला घेतलं. रेडिएटरमध्ये गळती बंद करणारं एक औषध मिळतं ते टाकायचं, ऑईल बदलून जाड घालायचं, गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवायचं. महिनाभर काही दिसत नाही. पंचेचाळीस हजार हमखास. गिऱ्हाईकही होतं, आठवडी बाजारांतून पाव-खारी विकणारा पाटण खोऱ्यातला एक पोरगा. मोटारसायकलवर पेट्या बांधून फिरायचा, पावसात माल भिजायचा. मला ओळखत होता. "काका, द्यायची असली तर मला द्या," म्हणाला होता.

मी एजंटला लगेच नाही म्हणालो नाही. हे सांगायला लाज वाटते, पण ते खरं आहे. दोन दिवस मी गप्प राहिलो. मलाही तर कुणीतरी अशीच विकली होती, असं स्वतःला सांगत राहिलो. संग्रहाचं मुखपृष्ठ कसं असावं याचाही विचार करून झाला.

आमच्या अब्बांचं धान्याचं छोटं दुकान होतं. लहानपणी मी ज्वारीच्या पोत्यात वरती चांगला माल पसरत होतो, दिसायला बरं दिसावं म्हणून. अब्बांनी मला मारलं नाही. हजरत पैगंबर साहेबांची एक हकीकत सांगितली. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर आत बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसानं भिजलं. मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. अब्बांनी तेवढं सांगून माझ्याकडून सगळं पोतं पालथं करून घेतलं. ती ज्वारी भरता-भरता माझी बोटं सोलली होती.

तिसऱ्या दिवशी मी पोराला गॅरेजवर बोलावून ऑईलचं झाकण दाखवलं. एजंट त्यानंतर माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. पोरगा मात्र झाकणाकडे बघून म्हणाला, "काका, आहे तशी अठरा हजारांना देता का?" हे माझ्या हिशेबात नव्हतं. भंगारवाल्यापेक्षा तीन हजार जास्त. पण मग दुरुस्तीचा जुगार त्याच्या गळ्यात पडणार होता, आणि माझ्या अम्मीचा प्रश्न तसाच राहणार होता. मी म्हटलं, आधी हेड उघडू.

उघडलं. पॅकिंग दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्येच फुटलं होतं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज सरकवलं तर ते आरपार गेलं. हेड लेथवाल्याकडे गेलं, पाण्याचा दाब देऊन तडा नाही याची खात्री झाली, मग फेसिंग. मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. "का तापली ते शोधल्याशिवाय पॅकिंग टाकून काय उपयोग?" रेडिएटर खोलला तर बोअरच्या पाण्याचा पांढरा खर आत बसलेला. चार वर्षं मी कूलंट कधी घातलंच नव्हतं. थर्मोस्टॅट तर आधीच्या कुणीतरी काढूनच टाकला होता. सगळं मिळून, टायमिंग बेल्ट आणि ऑईल धरून, चौदा हजार दोनशे. मारुती आठशेचं उत्पादन 2014 मध्ये बंद झालं, तरी तिचे सुटे भाग अजून कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, म्हणून एवढ्यात भागलं.

टायर आणि पुनर्नोंदणी मिळून चाळीसातले फार उरले नाहीत. संग्रह दोन वर्षं उशिरा निघाला. त्यातल्या चार कविता मी त्या दोन वर्षांत काढून टाकल्या. त्यांच्यातला पत्राच सडलेला होता.

पोराचं मात्र मनाला लागून राहिलं. त्या पावसाळ्यात त्याला एका ओम्नीचा पत्ता लागला. मी त्याच्याबरोबर गेलो. गाडी दारात उभी, धुतलेली. मालक हसतमुख. मी बोलता-बोलता बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच गरम. मालकाला म्हटलं, आज जरा घाई आहे, उद्या सकाळी येतो. दुसऱ्या दिवशी सहा वाजता, ते दात घासत असताना, आम्ही दोघे दारात हजर. चावी फिरवली. निळा धूर अंगणभर. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मालकांनी चहाचा आग्रह केला, तो आम्ही घेतला, आणि मोटारसायकलवर परत निघालो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)